मावळ-लोणावळ्याची खुली व्यवसायसूची: पैसे किती, वेळ किती, फसगत कुठे

आपल्या भागातली दुकानं, कारागीर, खानावळी, गिरण्या यांची सगळ्यांनी मिळून केलेली, सगळ्यांना फुकट वापरता येणारी सूची तुम्हाला सुरू करायची आहे. मग तीन आकडे आधी ऐका. सुरुवातीला शून्य रुपये. स्वतःचं संकेतस्थळ हवं असेल तर वर्षाला हजाराच्या आसपास. आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक दुकानाला एक फोन. या तिसऱ्या आकड्याची तयारी नसेल तर पहिल्या दोनांच्या वाटेला जाऊ नका.

कारण चुकीचा नंबर हा नंबर नसण्यापेक्षा वाईट. कामशेतच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानापुढे उभी राहून मी पाटी उतरवून घेत होते. पाटीवर दोन नंबर. वरच्याचे शेवटचे तीन आकडे वेगळ्या रंगात, नंतर रंगवलेले. आतून मालक म्हणाले, "ताई, वरचा नका घेऊ. तो पोराचा होता, ते सिम बंद झालं." बंद पडलेल्या प्रीपेड सिमचा नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. म्हणजे तुमच्या सूचीतला जुना नंबर रात्री अकराला भलत्याच घरात वाजणार, "मोटार जळलीय, येता का?" म्हणून. पाटी बघून नंबर उतरवू नका. दुकानात शिरा, विचारा, तिथेच मिस्ड कॉल द्या.

शून्य रुपयांत कसं होतं

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच भरलेला जगाचा नकाशा. त्यात खातं उघडायला फक्त ईमेल लागतो. आधार नाही, पॅन नाही, शुल्क नाही. दुकानं भरायला 'एव्हरी डोअर' हे मोबाइल ॲप सोयीचं: तुम्ही बाजारात उभे राहता, समोरचं दुकान नकाशावर टोचता, प्रकार निवडता, नाव, फोन, वेळ भरता. दुरुस्त्या करायला 'स्ट्रीटकम्प्लीट' आहे. दोन्ही फुकट. भरलेली माहिती 'ऑस्मअँड' आणि 'ऑरगॅनिक मॅप्स'मध्ये नेटवर्क नसतानाही दिसते. पवन मावळात किंवा नाणे मावळात फिरलेल्याला याची किंमत सांगायला नको. त्याच माहितीचा तुमच्या गावापुरता नकाशा 'यूमॅप'वर बनवता येतो. तोही फुकट.

मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. तो रिकामा ठेवू नका. राज्यात दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी सक्तीची आहे आणि अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे शुद्ध नाव बहुतेक वेळा पाटीवरच मिळतं.

इथे चार गोष्टी चालत नाहीत. गूगल मॅप किंवा इतर जाहिरातसूचीतून माहिती उचलणं. तयार यादी एका झटक्यात चढवणं. त्यासाठी आधी तिथल्या स्वयंसेवकांशी चर्चा करावी लागते. 'लोणावळ्यातील सर्वोत्तम चिक्की' अशी जाहिरात. ती काढली जाते. आणि पाटी न लावता घरातून काम करणाऱ्या माणसाचं घर नकाशावर टाकणं.

ही चौथी अट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे निम्मं काम बिनपाटीचं चालतं. नळकाम करणारे, गवंडी, आचारी, मंडपवाले, जेसीबीवाले, इंद्रायणी तांदूळ आणि पापड विकणारे बचत गट. यांना दुकान नाही म्हणून ते कुठल्याच नकाशात नाहीत, आणि खरी गरज यांचीच लागते. यांच्यासाठी वेगळी साधी स्प्रेडशीट ठेवा. पत्ता म्हणून फक्त गाव. फोन फक्त लेखी परवानगीने.

हजार रुपयांचं संकेतस्थळ, आणि त्याचे अठ्ठावीस हजार कसे होतात

डॉट इन पत्ता वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतो, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीत दिसणारा शंभर-दोनशेचा भाव पहिल्या वर्षाचा असतो. विकत घेण्याआधी नूतनीकरणाचा दर बघा, तोच तुमचा खरा दर. तारीख चुकली तर मुदतीनंतर पत्ता सोडवून घ्यायला दंड पडतो, तो काही हजारांतही जातो. एका ईमेलवर आठवण ठेवू नका, तिघांच्या मोबाइलमध्ये लावा.

पानं ठेवायला गिटहब पेजेससारख्या सेवा साध्या संकेतस्थळासाठी पैसे घेत नाहीत. तीन-चारशे नोंदींची सूची साधीच असते.

मला एका व्यावसायिकाने याच कामाचं अठ्ठावीस हजारांचं कोटेशन दिलं होतं. त्यातल्या ओळी तुमच्याही कोटेशनमध्ये येतील, म्हणून सांगते. एसएसएल प्रमाणपत्र: 'लेट्स एन्क्रिप्ट'चं फुकट मिळतं. वार्षिक देखभाल: साध्या पानांना लागत नाही. गूगल नकाशा जोडणी: त्यासाठी कार्ड जोडावं लागतं आणि फुकट मर्यादा ओलांडली की बिल सुरू, ओपनस्ट्रीटमॅप आहे तर ते कशाला? बल्क एसएमएस: आधी दूरसंचार कंपनीकडे डीएलटी नोंदणी, तिचं शुल्क वेगळं, मेसेजचं वेगळं, तुम्हाला गरज नाही. त्या कोटेशनमध्ये एक ओळ मात्र नव्हती: पत्ता कोणाच्या नावावर राहणार. विचारल्यावर कळलं, त्यांच्याच. तिथेच थांबा. पत्ता, ईमेल आणि पासवर्ड तुमच्या गटाकडेच हवेत, आणि किमान तिघांकडे.

बाकी किरकोळ. सूचीसाठी वेगळा मोबाइल नंबर, महिन्याला दोनशेच्या आसपास रिचार्ज. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट. परवानगीच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स. पेट्रोल धरा, कारण तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा लोकलने होतं, पण पवनानगर किंवा अंदर मावळ नाही. लोकलनेच जायचं असेल तर दुपारच्या गाड्या कमी आहेत, सकाळीच निघा.

सुरुवातीला संस्था नोंदवू नका. सोसायटीला किमान सात सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद, मग दरवर्षी हिशेबपत्रकं. पैसेच गोळा करत नसाल तर हे ओझं नको. वर्गणी काढलीच तर वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो सूचीवर टाका.

कधी फिरायचं, किती वेळ लागतो

मंगळवार-बुधवार, सकाळी साडेदहा ते दीड. शनिवार-रविवारी लोणावळ्यात दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. जून ते सप्टेंबर नव्या नोंदी करू नका: पाऊस, गर्दी, आणि भुशी धरणासारख्या ठिकाणी निघणारे मनाईचे आदेश यामुळे टपऱ्यांच्या तेव्हाच्या वेळा पुढे खऱ्या राहत नाहीत.

दोघांची जोडी, एका दुकानाला सात-आठ मिनिटं. तीन तासांत वीस-बावीस दुकानं होतात. तीनशे नोंदींना जोडीच्या चौदा-पंधरा सकाळी. फेरतपासणीला फोनमागे तीन मिनिटं धरा, म्हणजे पंधरा तास. पाच जणांत वाटले तर प्रत्येकी तीन.

वेळ विचारताना 'कधी उघडं असतं' एवढ्यावर थांबू नका, 'कधी बंद असतं' तेही विचारा. गिरणीवाले सांगतील, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा दळण नाही. ही एक ओळ माणसाची डोक्यावर डबा घेतलेली फेरी वाचवते.

तपासणीची तारीख प्रत्येक नोंदीपुढे छापा. दोन वेगळ्या दिवशी फोन लागला नाही तर जाऊन बघा. बंद झालं असेल तर 'बंद' लिहा. नुसतं पुसलं तर महिन्याभराने कोणीतरी पुन्हा भरतो.

परवानगीची चिठ्ठी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. दुकानाच्या पाटीचं नाव ही वेगळी गोष्ट, माणसाचा खासगी मोबाइल वेगळी. सोप्या मराठीत चिठ्ठी करा, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. मी वापरते ती अशी: "माझं नाव, काम, गाव आणि फोन या सूचीत सगळ्यांना दिसेल. कोणीही ही माहिती उतरवून धंद्यासाठीही वापरू शकेल. मी सांगेन तेव्हा सूचीतून काढली जाईल."

मधलं वाक्य गाळू नका. खुली सूची म्हणजे कर्जवाले आणि विमेवालेही नंबर उचलणार. हे ऐकून कोणी नको म्हणालं तर आग्रह करू नका. काही बायका स्वतःच्या नंबराऐवजी बचत गटाचा सामाईक नंबर देतात. तो चांगला मार्ग आहे, आपणहून सुचवा.

ओपनस्ट्रीटमॅपची माहिती घेऊन पुढे वापरली तर त्याचं नाव पानावर द्यावं लागतं, आणि तिच्यात भर घालून केलेला साठा त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. परवान्याचं नाव ओडीबीएल. आपली स्प्रेडशीटही पहिल्या दिवसापासून कोणालाही उतरवता येईल अशी ठेवा. जगभरच्या संकेतस्थळांची 'डीमॉझ' ही स्वयंसेवकांची सूची १९९८ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१७ मध्ये बंद पडली. माहिती खुली होती म्हणून जुन्या संपादकांनी ती 'कर्ली' नावाने पुढे नेली. तुमचा गट फुटला, मुलं नोकरीला बाहेर गेली, तरी कोणीतरी उचलू शकेल असं काहीतरी मागे राहायला हवं.

बंगले आणि चिक्की

इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या. लोणावळा-खंडाळा आणि पवना धरणाच्या बाजूला भाड्याने बंगला देण्याच्या नावाखाली फसवणूक होते. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो, आकर्षक भाडं, "आज बुकिंग फुल होतंय, निम्मे आत्ता पाठवा", मग फोन बंद. कुटुंब पाण्याच्या बाटल्या आणि लेकरं घेऊन गेटवर पोचतं, आणि आतला माळी सांगतो की असं बुकिंगच नाही.

म्हणून नियम करा. तुमच्यापैकी कोणी गेटसमोर उभं राहून बघितल्याशिवाय बंगल्याची नोंद नाही. फोन मालकाचा की एजंटचा, ते लिहायचं. एकच नंबर दहा बंगल्यांना लागला तर तो एजंट. तसं स्पष्ट लिहा. फोटो तुम्ही काढलेला. सूचीवर पैसे भरण्याचा क्यूआर कोणाचाच नाही, कधीच नाही. आणि प्रत्येक बंगल्याच्या नोंदीखाली ही ओळ: फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. तो राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

चिक्कीच्या दुकानांचा घोळ नावांचा. एकसारखी नावं, मागेपुढे 'ओरिजिनल', 'जुने', 'खरे'. अस्सल कोणतं हे ठरवणं तुमचं काम नाही. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक दुकानात लावलेला असतो, तो नोंदवा. नाव सारखं असलं तरी हा क्रमांक वेगळा असतो, आणि ग्राहकाला तो सरकारी पोर्टलवर तपासता येतो.

तारे आणि अभिप्राय ठेवू नका. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं २०२२ चं वेगळं मानकच आहे. पाच जणांच्या गटाला ते पेलणारं नाही. गावात दोन किराणा दुकानदारांत भांडण लावायला दोन ताऱ्यांचा फरक पुरतो.

नोंदीचे पैसे घेऊ नका. 'वरती दाखवतो'चे तर अजिबात नाही. क्रम गावानुसार आणि मग अक्षरानुसार.

दुकानदारालाही दोन गोष्टी सांगून या. गूगलवर आपल्या दुकानाची नोंद मालकाला स्वतः फुकट करता येते, आणि उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर फुकट आहे. "गूगलमधून बोलतोय, नोंद बंद होईल, इतके भरा" असा फोन आला तर तो कापायचा, आणि मोबाइलवर आलेला कोड कोणालाही वाचून दाखवायचा नाही. मळवलीच्या एका खानावळवाल्या काकूंनी मला वही काढून दाखवली: दीड हजार रुपये, 'गूगल वाला', तारीख. त्या तारखेनंतर नकाशावर काहीच बदललं नव्हतं. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून त्यांची नोंद भरली, वेळ सकाळी अकरा ते चार, सोमवारी बंद. सहा मिनिटं लागली.

आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्यांसाठी गावागणिक एक कागद काढा. एका पानात तीस-चाळीस नंबर, ठळक अक्षर, वर तपासणीची तारीख. ग्रामपंचायतीच्या फलकावर, दवाखान्यात, एसटी थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर लावा. सहा महिन्यांनी, फेरतपासणी झाली की, जुना कागद स्वतः काढून नवा लावायचा. जुना तसाच राहिला तर लोक त्याच नंबरांवर फोन करत राहतात.