एका घोट्यात मावलेला धडा

दिवाळीच्या सुट्टीत मी रसमड्याला घरी पोचलो तो लंगडतच. दुर्ग आणि राजनांदगाव यांच्यामधले हे छोटे स्टेशन. आजोबा न्यायला आले होते. माझी चाल पाहून त्यांनी बॅग हातात घ्यायच्या आधीच विचारले, "काऊन रे, लंगडून राहिला?"

"काही नाही आजोबा, थोडा पाय मुरगळलाय."

हेच उत्तर मी शाळेत तीन आठवडे देत होतो. ऑब्स्टॅकल कोर्सच्या भिंतीवरून उतरताना माझा उजवा पाय आत वळला होता. एमआय रूममध्ये गेलो असतो तर 'अटेंड सी' मिळाले असते. मग पीटी-परेड बंद आणि क्रॉसकंट्रीच्या संघातली माझी जागा राखीव कॅडेटला. म्हणून मोज्याखाली क्रेप बँडेज बांधून मी धावत राहिलो. स्पर्धेच्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरला तोच पाय पुन्हा वळला. मी चालत चालत शेवटून दुसरा आलो. आमचे हाऊस जेवढ्या गुणांनी मागे पडले, ते गुण माझेच होते.

दुसऱ्या दिवशी बाबा मला दुर्गला डॉक्टरांकडे घेऊन गेले. एक्स-रे काढला. हाड शाबूत होते. मी खूश होऊन म्हणालो, "म्हणजे काही झालेलं नाही!" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "हाडाला काही झालेलं नाही. एक्स-रेत हाड दिसतं. तुझा लिगामेंट फाटलाय, तो त्यात दिसत नाही."

ऊतींचा धडा मी नववीत पाठ केला होता. संयोजी ऊतींचे प्रकार सांगा, तीन गुण, तिन्ही मिळाले होते. पण तो धडा स्वतःच्या पायात आहे हे मला त्या दिवशी कळले. आमची पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठी पानासाठी लिहायचे म्हणून नागपूरच्या आतेबहिणीचे विज्ञानाचे पुस्तक मागवले आणि शब्द जुळवले. लिगामेंट म्हणजे अस्थिबंध, टेंडन म्हणजे स्नायुरज्जू, कार्टिलेज म्हणजे कास्थी.

प्राण्यांच्या शरीरात चार प्रकारच्या ऊती असतात : अभिस्तर, स्नायू, चेता आणि संयोजी. पहिल्या तिन्हींमध्ये पेशी महत्त्वाच्या. संयोजी ऊतीत मात्र पेशी थोड्या आणि विखुरलेल्या असतात. त्यांच्यामधली जागा आधारद्रव्याने भरलेली असते. हे आधारद्रव्य कसे आहे त्यावर ऊतीचे काम ठरते. ते कठीण असेल तर हाड, लवचीक असेल तर कास्थी, पातळ असेल तर रक्त. एकाच घोट्यात हे सगळे प्रकार सापडतात, म्हणून बाहेरून आत जाऊ.

कातडीखाली विरल ऊती असते. ती सैल जाळीसारखी असून कातडी आणि स्नायू यांना एकत्र धरते, अवयवांमधली जागा भरते. पाय मुरगळल्यावर घोटा बटाट्यासारखा सुजतो, कारण पाझरलेले पाणी या सैल जाळीत साठते. टाचेखाली चरबीयुक्त ऊतीची गादी असते. चरबी म्हणजे फक्त साठवलेली ऊर्जा नव्हे. ती थंडीपासून बचाव करते आणि धक्काही झेलते. परेडमध्ये आपण टाच आपटतो तेव्हा तो मार आधी ही गादी खाते.

टाचेच्या मागे बोटाने दाबले तर जाड दोरीसारखे काहीतरी लागते. तो अकिलिस स्नायुरज्जू, शरीरातला सर्वांत जाड. पोटरीचा स्नायू आखडला की हा टाच वर ओढतो आणि आपण धावतो. स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, तर अस्थिबंध हाडाला हाडाशी जोडतो. परीक्षेत यांचीच अदलाबदल होते. मी लक्षात ठेवतो ते असे : 'अस्थिबंध' या नावातच अस्थी आहे, दोन्ही टोकांना अस्थीच. पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. माझ्या बाबतीत तेच झाले.

आजोबा भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते. रात्री जेवताना त्यांना हे सांगितले, तर म्हणाले, "रूळ कितीही मजबूत असू दे, जोड ढिला झाला का गाडी उतरलीच समज." पूर्वी दोन रुळांच्या टोकांना फिशप्लेट लावून बोल्ट आवळत आणि गँगमन चालत जाऊन प्रत्येक जोड तपासत. माझा रूळ ठीक होता, फिशप्लेट सैल झाली होती. आणि गँगमनला मी तीन आठवडे तिकडे फिरकू दिले नव्हते.

या जोडांना ताकद देते ते कोलॅजेन नावाचे प्रथिन. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के तेच असते. त्याची रचना आपल्या देशात उलगडली. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी दाखवले की कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. ऑब्स्टॅकल कोर्सवर आपण ज्या दोरावर चढतो तो नीट पाहा. पेड वळलेले असतात म्हणून तो आपले वजन पेलतो. आपल्या स्नायुरज्जूंतही असेच वळलेले दोर आहेत.

हा दोर वळायला शरीराला क जीवनसत्त्व लागते. जुन्या काळी महिनोन् महिने समुद्रावर असलेल्या खलाशांना ताजी फळे मिळत नसत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. हा स्कर्व्ही रोग. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी 'सॅलिसबरी' जहाजावर १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरी आरमाराने खलाशांना लिंबाचा रस द्यायचा आदेश काढायला १७९५ उजाडले. आजी मला सुट्टीभर आवळा खायला घालत होती. तिने लिंडचे नाव ऐकलेले नाही, पण औषध तेच.

आता आणखी आत. घोट्यात जिथे हाडे एकमेकांवर सरकतात, तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कास्थी असते. नाकाचे टोक आणि कान यांनाही कास्थीच आकार देते. मात्र कास्थीत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण आजूबाजूच्या द्रवातून झिरपून मिळते, म्हणून ती झिजली की सहजासहजी भरून येत नाही. आजोबा खुर्चीवरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवतात ते यामुळेच.

हाड कठीण असते, पण नुसता दगड नसते. त्यात कॅल्शियमचे क्षार आणि कोलॅजेन दोन्ही असतात. सुट्टीत मी एक प्रयोग केला. कोंबडीच्या पायाचे स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. काही दिवसांनी क्षार विरघळले आणि हाड रबरासारखे वाकू लागले. उरले ते कोलॅजेन. क्षारांमुळे हाड भार सोसते, कोलॅजेनमुळे ते काचेसारखे फुटत नाही. शिवाय हाडात रक्तवाहिन्या भरपूर असतात, म्हणून मोडलेले हाड जुळते. अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो सावकाश भरतो.

आणि रक्त? तेही संयोजी ऊतीच. त्याचे आधारद्रव्य म्हणजे पातळ प्लाझ्मा, सुमारे ५५ टक्के. रक्त ऑक्सिजन आणि अन्न सगळीकडे पोचवते, लसिका ऊतींमधला जादा द्रव परत आणते आणि रोगजंतूंशी लढायला मदत करते. रक्त 'जोडते' म्हणजे काय, हे मला गावातल्या एका मित्रामुळे समजले. त्याला सिकलसेल आहे. छत्तीसगडमध्ये आणि आपल्या विदर्भातही हा आजार बराच आढळतो. त्यात हिमोग्लोबिनमधले एक अमिनो आम्ल बदललेले असते. त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी लाल पेशी त्यात १० ते २० दिवसच टिकते. थंडी पडली किंवा पाणी कमी प्यायले की त्याची हाडे दुखू लागतात. बिघाड रक्तात, दुखते हाड. रक्त पोचले नाही की हाड एकटे पडते.

हा आजार आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तपासणी महत्त्वाची. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याचे लक्ष्य २०४७ आहे. माझा मित्र त्याचे कार्ड खिशात ठेवतो आणि दुखू लागले की लगेच सांगतो. लपवत नाही. त्याच्या शेजारी बसून माझा मोज्याखालचा बँडेज आठवला आणि मला लाज वाटली.

मित्रांनो, पाय मुरगळला तर आधी थांबा. बर्फ कापडात गुंडाळून शेका, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा आणि त्याच दिवशी एमआय रूममध्ये जा. पहिल्या दिवसांत सूज येते, मग नवे तंतू वेडेवाकडे विणले जातात. पुढे हळूहळू व्यायाम वाढवला की ते ताणाच्या दिशेने सरळ लागतात. पूर्ण बळकटी यायला काही महिने जातात. दुखणे थांबले म्हणजे जोड भरला असे नसते.

सुट्टी संपल्यावर मी पीटी उस्तादांना सगळे खरे सांगितले. ते ओरडले नाहीत. "आता रोज एका पायावर तीस सेकंद उभा राहा," एवढेच म्हणाले आणि हातात स्टॉपवॉच दिले. सध्या मी मैदानाच्या कडेला उभा राहून इतरांची वेळ घेतो. आज उजव्या पायावर तेवीस सेकंद झाले.