बाळाच्या वाटीतलं पहिलं फळ



या महिन्याचा धडा ज्यांच्या घरी ५ ते १२ महिन्यांचं बाळ आहे त्यांच्यासाठी आहे. पण आजी, काकू आणि मोठ्या बहिणीनेही तो ऐकावा. आई मजुरीला गेली की बाळाला भरवायचं काम त्यांच्याकडेच येतं. म्हणून बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा.

आपल्या जिल्ह्यात फळांना तोटा नाही. शहादा-तळोद्याकडची पपई आणि केळी ट्रक भरभरून बाहेर जातात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आंबा आहे, सीताफळ आहे. तरी बऱ्याच घरांत बाळाच्या तोंडात जातं ते चहात बुडवलेलं बिस्किट. असं का, हे बैठकीत विचारलं की तीन उत्तरं येतात. "फळाने सर्दी होते." "एवढ्याशा जीवाला पचत नाही." "घशात अडकलं तर?"

सर्दी जंतूंमुळे होते, एकाकडून दुसऱ्याला लागते. केळं खाल्ल्याने ती होत नाही. पिकलेलं, नीट कुस्करलेलं फळ ६ महिन्यांच्या बाळाला पचतं. तिसरी भीती मात्र खरी आहे. पण त्यावर उपाय फळ बंद करणं नाही. फळ नीट तयार करून द्यायचं.

कधी आणि किती?

६ महिने पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १८० दिवस, बाळाला फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, फळाचा रसही नाही. त्यानंतर वरचं खाणं लगेच सुरू करायचं. "दात येऊ देत, मग बघू" म्हणून थांबू नका. ६ महिन्यांनंतर नुसतं दूध बाळाला पुरत नाही. खाणं उशिरा सुरू झालं किंवा फार पातळ दिलं की बाळाचं वजन वाढायचं थांबतं. आईचं दूध २ वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवा.

पहिल्या दिवशी १-२ छोटे चमचे फळ पुरे. एका वेळी एकच नवं फळ द्या आणि २-३ दिवस तेच चालू ठेवा. अंगावर पुरळ आलं किंवा उलटी झाली तर कशामुळे झालं ते लगेच कळतं. बाळाने थुंकलं म्हणजे आवडलं नाही असं नाही. चव नवी आहे, पुन्हा पुन्हा देऊन बघा.

फळ म्हणजे जेवण नाही

ताई, हे नीट लक्षात ठेवा. पपईच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८८ ग्रॅम पाणीच असतं. नुसत्या पपईवर बाळाचं वजन वाढणार नाही. घट्ट खिचडी, मऊ वरण-भात, तेल किंवा तूप घातलेली नाचणीची पेज, उकडलेलं अंडं हे बाळाचं जेवण. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला असं जेवण दिवसातून २-३ वेळा द्या, हळूहळू वाढवत एका वेळी अर्धी वाटी करा. फळ त्याच्या जोडीला. पिवळ्या-केशरी फळांतून डोळ्यांसाठी आणि आजाराशी लढायला लागणारं अ जीवनसत्त्व मिळतं. आंबा, पपई, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह अंगी लागतं. म्हणून जेवणासोबत दोन चमचे फळ दिलं तर चांगलंच.

आधी स्वच्छता

१. हात साबणाने धुवा. बाळाचेही धुवा.
२. फळ कापण्याआधी अख्खं धुवा. साल काढायची असली तरी धुवा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.
३. सुरी, वाटी, चमचा स्वच्छ धुवा. बाळाची वाटी वेगळी ठेवा.
४. भरवायच्या वेळीच कापा. सकाळी कुस्करलेलं दुपारी देऊ नका. उरलेलं मोठ्यांनी खावं.
५. बाजारातलं कापून ठेवलेलं फळ बाळाला देऊ नका.
६. स्वतःच्या तोंडात चावून बाळाला भरवू नका. आपल्या तोंडातले जंतू बाळाला जातात.

कोणतं फळ कसं द्यायचं?

*केळं:* सालीवर काळे ठिपके आलेलं, पूर्ण पिकलेलं घ्या. चमच्याने कुस्करा. घट्ट वाटलं तर आईचं दूध घाला.

*पपई:* आतून केशरी झालेलीच घ्या. कच्च्या पपईत चीक असतो, ती नको. साल आणि सगळ्या बिया काढून कुस्करा.

*आंबा:* पाण्यात भिजवा, देठ काढून चीक पिळून टाका. गावठी आंब्याला रेषा फार असतात, म्हणून रस गाळून घ्या. साखर घालू नका. आमचूरसाठी कैऱ्या उतरवाल तेव्हा बाळासाठी थोडे आंबे पिकायला नक्की ठेवा.

*चिकू:* मऊ झालेलाच घ्या. साल काढा आणि बिया मोजून बाजूला ठेवा. या बियांना टोक असतं.

*सीताफळ:* एकेक बी हाताने काढा, मगच गर कुस्करा. बिया विषारी असतात, बाळाच्या हाती लागू देऊ नका.

*पेरू, सफरचंद:* साल काढून वाफवा. पेरूचा गर गाळून बिया काढा.

फळ तयार झालं का ते कसं ओळखायचं? दोन बोटांत दाबलं की त्याचा चेंदा झाला पाहिजे. ८-९ महिन्यांनंतर एकदम बारीक करू नका, थोडं जाडसर ठेवा म्हणजे बाळ चावायला शिकतं.

फळ विकत घेताना एक गोष्ट. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. तयार झालेलं कच्चं फळ आणून घरी गवतात पिकवलं तर शंकाच राहत नाही.

हे देऊ नका

बोर, अख्खी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, कच्च्या सफरचंदाची फोड, शेंगदाणे. हे घशात अडकतं. १ वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

घशात अडकलं तर

बाळाला नेहमी बसवून भरवा. झोपवून, रडताना किंवा कडेवर घेऊन चालताना भरवू नका. बाळ खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा द्या. वस्तू निघाली नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. घशात अंदाजाने बोट घालू नका, वस्तू आणखी खाली जाते. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ला फोन लावायला सांगा.

बाळाला जुलाब लागले तर

खाणं आणि अंगावरचं दूध बंद करू नका. ओआरएस द्या, आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस पूर्ण द्यायच्या. बाळ सुस्त पडलं, पिईना झालं किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींसाठी

दिवाळीनंतर गुजरातेत जाणाऱ्या ताईंनो, पडावावर स्वच्छ पाणी आणि भांडी मिळणं कठीण असतं. तिथे केळं सगळ्यात सोपं. ते स्वतःच्या सालीतच झाकलेलं असतं. हात धुवा, सोला, कुस्करा, भरवा.

गटाने करायची कामं

१. आपल्या गटात ६ ते १२ महिन्यांची किती बाळं आहेत त्यांची यादी करा. प्रत्येकीला विचारा, काल बाळाने काय खाल्लं?
२. पुढच्या बैठकीत एका ताईने केळं आणि पपई धुण्यापासून भरवण्यापर्यंत करून दाखवावं. आजीबाईंना नक्की बोलवा.
३. अमृत आहार योजनेत ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंडी किंवा केळी आहेत. आपल्या पाड्यातल्या बाळांना ती मिळतात का, हे अंगणवाडीताईला विचारून बैठकीच्या वहीत लिहा.
४. ज्या बाळाचं वजन दोन महिने वाढलं नाही, त्याच्या घरी गटातल्या दोघींनी जाऊन यावं आणि आशाताईला सोबत न्यावं.

वहीत काय लिहिलं ते मी पुढच्या भेटीत बघेन. ज्या गटाची यादी पूर्ण असेल, तिथल्या बाळांची वजनं आपण अंगणवाडीत जाऊन एकत्र बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक