जाताना सोळा तास, येताना चौदा, असं का?

प्रश्न : मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाला जाताना जास्त वेळ का लागतो? अंतर तर तेवढंच आहे.

उत्तर : जमिनीवरचं अंतर तेवढंच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे 'जेट स्ट्रीम' नावाचे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरवर जातो. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जाताना साधारण सोळा तास, येताना चौदाच्या आसपास.

नकाशा मात्र इथे फसवतो. सरळ पश्चिमेला निघालेलं विमान जवळच्या वाटेनं जातंय असं वाटेल, पण पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकते आणि जवळजवळ आर्क्टिक वृत्ताला भिडते. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून रोजचा मार्ग ठरतो.

तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवासाचे तास काढू नका; दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात पहाटे दोनला निघून सोळा तास उडालात, तर तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतील. मुलांना न्यायला बोलवाल, तेव्हा हीच वेळ सांगा.