समुद्रातील कोलाहल आणि डॉल्फिनचे कान

बिदर, भालकी, आळंद या भागांतील माणसाचा समुद्राशी नित्य संबंध येत नाही. पाण्यातील ध्वनीचा अनुभव मात्र त्याला बालपणापासून असतो. विहिरीत एकाने पाण्याखाली दगडावर दगड आपटला, की पलीकडे बुडी मारलेल्या मुलास तो आवाज अगदी कानाशी झाल्यासारखा वाटतो. पण तो कोणत्या बाजूने आला, हे उमगत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी पोहोचत असल्याने मानवी कान तेथे चकतो.

डॉल्फिनचा कान चकत नाही. त्याचे बाह्य कर्णछिद्र नाममात्रच असते. खालच्या जबड्यातील चरबीमधून ध्वनी त्याच्या अंतर्कर्णापर्यंत जातो. तो स्वतः टकटक असे सूक्ष्म ध्वनी सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कोठे आहे, खडक किती दूर आहे, हे जाणतो. सिंधुदुर्गच्या उथळ किनाऱ्यावर व खाड्यांच्या मुखाशी मदार असलेल्या डॉल्फिनचा वावर असतो. तेथील गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच. अशा प्राण्याची श्रवणशक्ती गेली, तर त्याचे अन्नच गेले.

हानी दोन प्रकारची असते. जहाजाच्या पंख्याभोवती असंख्य बुडबुडे निर्माण होऊन फुटतात; त्यांच्या खर्जातील घरघरीत मोठ्या देवमाशांची साद बुडून जाते. लहान यांत्रिक होड्यांचा आवाज अधिक तीव्र सुराचा असल्याने तो डॉल्फिनला जाचतो. दुसरी हानी प्रत्यक्ष कानाची. अतिप्रखर ध्वनीने अंतर्कर्णातील केशपेशी प्रथम थकतात आणि काही काळ बधिरता येते. त्या नष्ट झाल्या, तर सस्तन प्राण्यांत पुन्हा उगवत नाहीत.

मार्च २००० मध्ये बहामा बेटांच्या किनाऱ्यावर सतरा सागरी सस्तन प्राणी येऊन अडकले. काहींच्या कानांलगत रक्तस्राव आढळला. नौदलाच्या ध्वनिशोधक यंत्रणेकडे बोट दाखविणारा अहवाल तयार करण्यात खुद्द अमेरिकी नौदलाचा सहभाग होता, ही गोष्ट लक्षणीय होय. उलट, सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाज-वाहतूक घटली, आवाज सहा डेसिबलने उतरला आणि तेथील देवमाशांच्या विष्ठेत ताणाचे द्योतक असलेले संप्रेरक कमी आढळले. तेल सांडले, तर वर्षानुवर्षे राहते. आवाज यंत्र थांबताच थांबतो.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनचा समावेश आहे. तरीही सुट्टीत कोकणात गेलेला पर्यटक होडीवाल्यास ‘आणखी जवळ घ्या’ असे म्हणतो, आणि चार पैशांसाठी होडीवाला कळपामागे इंजिन पिटाळतो. यात केवळ होडीवाल्यास दोष देणे न्याय्य नव्हे; मागणी पर्यटकाची असते. होडी दूर ठेवून, कळपाची वाट न अडविता, यंत्र मंद करून थांबल्यास कळप पुष्कळदा आपल्या मार्गाने जवळून जातो. शांत सकाळी, पाण्यावर येऊन श्वास सोडणाऱ्या डॉल्फिनचा फूत्कार होडीत बसलेल्यांना स्पष्ट ऐकू येतो.