आत्याचं मशीन आणि तेलाची बाटली

सोनू, "माळ्यावरून आत्याचं टायपिंगचं मशीन खाली काढलंय, बटणं अडकतायत, संध्याकाळी तेल सोडते," असं तू फोनवर म्हणालीस आणि माझ्या पोटात धस्स झालं. ती तेलाची बाटली आधी कपाटात परत ठेव. मग निवांत बसून हे वाच.

आपल्या घरात काहीही जड चाललं की तेल. दाराची बिजागरी असो, शिलाई मशीन असो, हात आपोआप बाटलीकडे जातो. टाइपरायटरचं मात्र उलटं आहे. समोरून आत डोकाव. सगळे टाइपबार, म्हणजे टोकाला अक्षरं असलेल्या दांड्या, एका अर्धगोल लोखंडी पट्टीत बसलेले दिसतील. तिला सेगमेंट म्हणतात. फणीच्या दातांमध्ये असते तशी अरुंद खाच प्रत्येक टाइपबारला दिलेली असते. त्या खाचा कोरड्याच राहायच्या असतात. तिथे तेल गेलं की पहिले काही दिवस सगळं सुरेख चालतं. मग हवेतली धूळ, रिबनचे तंतू आणि खोडरबराचा चुरा त्या तेलात कालवला जातो आणि त्याचा डिंक होतो. टाइपबार वर जातो, पण खाली यायचं नाव घेत नाही. आत्याच्या मशीनचं आज जे झालंय ते बहुतेक असंच, पूर्वी कुणीतरी मायेने सोडलेल्या तेलामुळे झालं असणार. म्हणून तुला सांगते, या मशीनमध्ये काही घालायचं नाहीये, त्यातून काढायचंय. बाकी सगळं याच एका गोष्टीवरून तुझं तुला उमगत जाईल.

पण बाळा, साफसफाईच्या आधी ते खरंच बिघडलंय का ते बघ. किती तरी मशीन्स लोक भंगारात देतात आणि त्यांना झालेलं काहीच नसतं. कॅरेज, म्हणजे रोलरसकट आडवा सरकणारा वरचा भाग, हलत नाही? आधी कॅरेज लॉक बघ. उचलून नेताना कॅरेज घसरू नये म्हणून तो लावून ठेवतात. मग दोन्हीकडचे मार्जिन स्टॉप बघ, मधोमध एकमेकांना चिकटले असतील तर कॅरेज जाणार कुठे? अक्षरं उमटत नाहीत, नुसता खट्‌ आवाज येतो? रिबनचा रंग निवडायचा छोटा खटका बघ. काळा, लाल आणि पांढरा ठिपका असतो ना, त्यातला पांढरा स्टेन्सिलसाठी. त्यावर खटका ठेवला की रिबन वर येतच नाही, अक्षर थेट मेणकागद कापतं. आपल्या शाळेच्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिका तशाच निघायच्या. आत्याने शेवटचं काम स्टेन्सिलचं केलं असेल तर खटका अजून तिथेच असेल.

शिवाय हे मराठी मशीन आहे हे विसरू नकोस. उकार, मात्रा, अनुस्वार यांची काही बटणं दाबली तर कॅरेज पुढे सरकत नाही. त्यांना डेड की म्हणतात आणि ती तशीच हवीत, नाहीतर अक्षराच्या डोक्यावर मात्रा बसणार कशी? पुष्कळ अक्षरं अर्धीच उमटतात, त्यांना काना जोडला की ती पूर्ण होतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. संगणकावर टाइप करणाऱ्या तुझ्या बोटांना हे सगळं बिघाडासारखं वाटेल. म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी एक कागद घाल आणि प्रत्येक बटण, शिफ्टसकट, एकदा हळू आणि एकदा झटक्यात दाबून बघ. हळू दाबल्यावर जो टाइपबार मधेच रेंगाळतो त्याची वहीत नोंद कर. हीच तुझी कामाची यादी.

फोटो काढ. रिबन कुठून कशी ओवली आहे त्याचा तर आधी काढ. वरची झाकणं काढताना प्रत्येक स्क्रूचा फोटो, आणि स्क्रू जुन्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांमध्ये वेगवेगळे. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच घे, लहान घेतलास तर खाच झिजून जाईल. हे मी एवढं बजावून सांगतेय कारण हरवलेला स्क्रू आता नवा मिळत नाही. गोदरेजने 1955 मध्ये देशात टाइपरायटर बनवायला घेतले, तेव्हा स्वतंत्र भारताच्या उद्योगाची ती केवढी शान होती. शेवटी ते आपल्या शिरवळच्या कारखान्यात बनत आणि 2009 मध्ये तेही उत्पादन थांबलं. आता सुटा भाग हवा तर तो दुसऱ्या एखाद्या मेलेल्या मशीनमधूनच काढावा लागतो. तेव्हा आत्याच्या मशीनमधली प्रत्येक स्प्रिंग जपायची.

आता कोरडी सफाई. जुन्या चादरीवर मशीन ठेव आणि मऊ ब्रशने, रंगकामाचा नवा अर्ध्या इंचाचा चालेल, वरून खाली धूळ ओढत आण. फुंकर मारू नकोस, धूळ आणखी आत जाते. व्हॅक्युम वापरणार असशील तर त्याच्या तोंडाला पातळ रुमाल बांध, म्हणजे सुटी स्प्रिंग नळीत जाणार नाही. सेगमेंटच्या खाली तुला करडा चुरा मिळेल, भरपूर. तो खोडरबराचा. टायपिंगच्या क्लासमध्ये आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की चूक खोडायची तर कॅरेज पूर्ण एका बाजूला सरकवायची, म्हणजे चुरा बाहेर पडतो, मशीनच्या पोटात नाही. पण आत्याच्या कोर्टाच्या टायपिंगच्या कामात, संध्याकाळ व्हायच्या आत अर्ज हवा असताना, कोण कॅरेज सरकवत बसणार? आत्यानेही नसेल सरकवली. तो सगळा चुरा तिने केलेल्या कामाचा आहे, त्याला नावं ठेवू नकोस, फक्त काढ.

मग अक्षरं. प्रत्येक टाइपबारच्या टोकाला दोन अक्षरं, शिफ्टची एक आणि साधं एक. आपल्या अक्षरांमध्ये बंदिस्त पोकळ्या फार. ब, ष, क्ष यांच्या पोटात शाई आणि तंतू दाबून बसतात आणि कागदावर काळे ठिपके उमटतात. स्टेन्सिल कापलेल्या मशीनमध्ये मेणही बसलेलं असतं. जुना टूथब्रश कोरडाच घे आणि अक्षरावर बाहेरच्या दिशेने घास, आडवा नको, टाइपबार वाकेल. पोकळीतला गोळा लाकडी टूथपिकने काढ. पिन किंवा सुई लावू नकोस, कडा ओरखडल्या की अक्षराची धार जाते आणि ती परत आणता येत नाही. कान्याच्या टाइपकडे नीट लक्ष दे. मराठी मशीनमध्ये इतकं राबणारं दुसरं टाइप नाही.

सेगमेंटचं काम सगळ्यात वेळखाऊ, त्याला एक पूर्ण सकाळ राखून ठेव. मेकॅनिक लोक व्हाइट पेट्रोल वापरतात, तू ते घरात आणायचं नाहीस. रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं ते आण. तेही पेट घेतं, म्हणून गच्चीत किंवा खिडक्या उघडून बस. गॅस, उदबत्ती, देवापुढचा दिवा, काहीही जवळ नको. हातात मोजे घाल. रॉकेल नको, ते मागे तेलकट थर सोडतं, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं द्रव्य तर अजिबात नको, रंग उतरेल आणि प्लास्टिकची बटणं विरघळतील. आणि फवाऱ्याच्या डब्यातून येणारं ते गंज सोडवायचं द्रव्य, जे सगळे सुचवतात, ते सेगमेंटवर मारायचं नाही. त्यातही तेल असतं.

मशीनच्या पुढच्या बाजूखाली वर्तमानपत्र आणि चिंध्या घाल, मागची बाजू किंचित उचलून खाली लाकडी ठोकळा सरकव, म्हणजे मळ पुढे वाहून येईल, आतल्या यंत्रणेत शिरणार नाही. टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटक आणि खाचांच्या दिशेने घास. तीन-चार टाइपबार बोटाने उचल, खाली घास, सोड, पुन्हा उचल. काळं पाणी यायला लागेल. ते चिंधीने टिपत राहा. मग ती बटणं भराभर दाब, आतला मळ सैल होऊन वर येतो, परत घास. एका दिवसात सगळं सुटलं नाही तर दुसऱ्या दिवशी. घाईत टाइपबार ओढून सरळ करायला जाऊ नकोस. तो केसभर वाकला तरी अक्षर ओळीच्या वर-खाली उमटतं. चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकू नकोस, बाहेर उन्हात पसरून वाळू दे.

रोलरला टर्पेंटाइन लावायचं नाही, रबर आहे. ओलसर फडक्यावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, हलक्या हाताने पूस, मग कोरड्या फडक्याने. इतक्या वर्षांचं रबर कडक झालेलं असणारच. अक्षर कागद भोसकतं, आवाजही कर्कश येतो. त्यावर साधा उपाय म्हणजे कागदामागे आणखी एक कोरा कागद घालायचा. आत्या नेहमी घालायची, आठवतं? मशीन ठेवून देताना कागद सैल करायची दांडी पुढे ओढून ठेव, नाहीतर रोलरखालचे छोटे रबरी रूळ एकाच जागी दबून चपटे होतात.

बाहेरचं पुसणं सोपं आहे, त्यात वेळ घालवू नकोस. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, बस्स. कंपनीच्या नावावर जोरात घासू नकोस. पत्र्यावरचा चिकटलेला व्हाइटनर नखाने निघेल. पण सोनू, सगळं नव्यासारखं करायचा हट्ट धरू नकोस हं. स्पेसबारवर उजव्या अंगठ्याने पडलेला जो खळगा आहे, तो राहू दे. झाकणाच्या आत तिने पेन्सिलने कोर्टाच्या तारखा लिहिल्या असतील तर तिथे फडकं नेऊच नकोस. मी खूप जणांना पाहिलंय, जुन्या मशीनला फिक्कट गुलाबी रंग देऊन दिवाणखान्यात ठेवतात. बघायला बरं दिसतं, पण ते मशीन कुणाचं होतं हे त्यावरून पुन्हा कधीच कळत नाही. मला ते सहन होत नाही, खरं सांगते.

तेल अगदीच नाही असं नाही. कॅरेज ज्या रुळांवर सरकते ते रूळ टिपून स्वच्छ झाले की शिलाई मशीनचं पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन दोन्हीकडे एकेक थेंब, आणि लगेच फडक्याने पूस. दिसेल इतकं तेल म्हणजे जास्त तेल. बाटलीचं काम तिथे संपलं.

रिबन अर्ध्या इंचाची लागते. मिळाली की आत्याच्या जुन्या धातूच्या रिळांवरच गुंडाळ. नव्या रिबनसोबत येणारी प्लास्टिकची रिळं दर वेळी नीट बसतातच असं नाही. जुनी रिळं फेकलीस तर माझ्याशी गाठ आहे. रिबनच्या टोकाजवळ छोटी धातूची कडी असते, ती खटक्याला लागली की रिबन उलट फिरायला लागते. कडी नसेल तर तिथे एक घट्ट गाठ मार. सुती रिबन घे, माझं मत. नायलॉन जास्त टिकतं, पण सुती रिबनमध्ये शाई जास्त मुरते आणि आपल्या जोडाक्षरांना तो भरीव ठसा शोभतो.

तुमच्या रत्नागिरीच्या हवेत ते माळ्यावर परत जाता कामा नये. प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच, आत दमट हवा कोंडते. सुती कापडाचा झगा शिव, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेव, पावसाळ्यात त्या बदल. आणि दर आठवड्याला एक पान टाइप कर, काहीही, वाणसामानाची यादी चालेल. वापरातलं मशीन अडकत नाही. हलवताना कॅरेज लॉक कर आणि खालून, दोन्ही हातांनी उचल. 12-15 किलोचं धूड आहे, कॅरेजला धरून उचललंस तर रूळ वाकतील. आणि कंबर सांभाळ, जावईबापूंना मदतीला घे.

राहिला एक प्रश्न. लॉक काढल्यावरही कॅरेज डावीकडे स्वतःहून सरकत नसेल, हाताने ढकलावी लागत असेल, तर तिला ओढणारी दोरी तुटलेली किंवा आकड्यातून निसटलेली आहे. ही दोरी डाव्या बाजूच्या गोल डबीतल्या स्प्रिंगला जोडलेली असते. ती डबी उघडू नकोस, फिरवूही नकोस, आतली स्प्रिंग ताणलेली असू शकते आणि एकदा सुटली तर बोट कापेल. नुसता मागच्या बाजूचा, दोरीचं टोक दिसेल असा फोटो मला पाठव. दोरी मी इथून घेऊन येते, गणपतीत आपण दोघी मिळून बसवू.