बूच उघडून बघा

वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याला आमचं घर आहे. तिकडे पावसानं जोर धरला की झाड तारांवर पडतं आणि लाइट दोन-दोन दिवस येत नाही. आईला दमा. म्हणून १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून मी निर्धास्तपणे पुण्याला परतलो. पुढे तीन वर्षं त्या बॅटरीकडे वळूनही पाहिलं नाही.

गेल्या जुलैत रात्री लाइट गेली. आईला नेब्युलायझर लावला आणि सात-आठ मिनिटांत इन्व्हर्टर ओरडून बंद पडला. शेजाऱ्यांनी भर पावसात गाडी काढली, म्हणून ती वेळेवर दवाखान्यात पोचली.

मी इन्व्हर्टरलाच दोष देत होतो. भोरहून आलेल्या मेकॅनिकनं त्याला हातही लावला नाही. बॅटरीचं बूच काढून टॉर्च मारला. प्लेटांची वरची टोकं कोरडी, पांढरट पडलेली. चांगल्या चार्ज बॅटरीत ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.२४०च्या आसपास दाखवतो. आमच्या बॅटरीच्या दोन कप्प्यांत तर तो तरंगलाच नाही.

"काका, पाणी कुठलं घातलंत?" त्यानं वडिलांना विचारलं.

"विहिरीचं. आम्ही पितो तेच."

डिस्टिल्डचा कॅन उन्हाळ्यातच संपला होता. दुसरं पाणी चालत नाही, हे त्यांना मी सांगायला हवं होतं.

चार्जिंग होताना बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडतं, ॲसिड आत राहतं. म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड पाण्याचीच; ॲसिडची कधीच नाही. विहिरीच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटांची वाट लावतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा. प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला. बाकीचं पूर्ण चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. बूच उघडताना जवळ काडी, उदबत्ती नको, तो वायू पेट घेतो. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं तर इन्व्हर्टर बंद करून, आधी निगेटिव्ह वायर सोडून, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसा. कोरडं करून वायरी जोडा आणि वरून व्हॅसलीन लावा.

गावचं घर महिनोन्‌महिने बंद राहत असेल तर बॅटरी उतरलेली सोडून जाऊ नका. तशी पडून राहिली की प्लेटांवर कठीण थर बसतो आणि मग ती नीट चार्ज धरत नाही. पूर्ण चार्ज करा, वायर काढा, दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा.

नवी बॅटरी आणली तेव्हा पाच लिटरचा कॅनही आणला. वडिलांनी त्यावर खडूनं तारीख लिहिली आहे.