साक्ष दिल्यानंतरचे दिवस

साक्ष लपविणाऱ्याचे अंतःकरण गुन्हेगार ठरते, असे पवित्र कुरआनने बजावले आहे (सूरह अल-बकरा, 283). सूरह अन-निसामधील 135 व्या आयतीनुसार ही जबाबदारी स्वतःच्या, माता-पित्यांच्या व आप्तांच्या विरोधात जात असली तरीही टळत नाही. या आयतींवर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ होतात. साक्ष देऊन घरी परतलेल्या माणसाची रात्र कशी जाते, याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. भांडारातील खोट्या नोंदी किंवा फुगविलेली बिले वरिष्ठांच्या निदर्शनास आणून देणारा कर्मचारी दुसऱ्या दिवशी कामावर येतो, तेव्हा त्याला पाहून बोलणी थांबतात. डबा एकट्याने खावा लागतो. चौकशी लांबते, बदलीची कुजबुज सुरू होते आणि ज्याने चोरी केली तो निर्धास्त हसत फिरतो. मग खरे बोलणाऱ्यालाच वाटू लागते, आपलेच काही चुकले की काय? आपला ईमान कमकुवत आहे म्हणून आपण खचलो, अशी टोचणीही अनेकांना लागते.

या टोचणीला उत्तर हदीसमध्ये आहे. हजरत जैद बिन अर्कम (रजि.) तेव्हा अगदी तरुण होते. बहुतेक चरित्रकारांच्या मते हा प्रसंग बनू मुस्तलिकच्या मोहिमेतील आहे. मुनाफिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबई आपल्या लोकांत बसून बोलत होता, की प्रेषितांच्या सोबत्यांवर खर्च करणे थांबवा आणि मदीनेला परतल्यावर प्रतिष्ठित लोक हीनांना तेथून हुसकावून लावतील. जैद (रजि.) यांनी हे ऐकले व आपल्या चुलत्यांना सांगितले. त्यांच्याकडून ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत पोहोचले. प्रेषितांनी अब्दुल्लाह बिन उबई व त्याच्या सोबत्यांना बोलावून विचारणा केली. त्यांनी शपथा घेऊन सारे नाकारले आणि त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले गेले.

सहीह बुखारीत जैद (रजि.) स्वतः सांगतात की, असे दुःख त्यांना पूर्वी कधीच झाले नव्हते. ते घरात बसून राहिले. अन्सारमधील लोकांनी त्यांना बोल लावले. आणि चुलते म्हणाले की, प्रेषितांनी तुला खोटे ठरवावे व तुझ्यावर नाराज व्हावे, एवढेच तू साधलेस!

येथे थोडे थांबावयास हवे. जैद (रजि.) यांनी चव्हाट्यावर आरोप केला नव्हता, जे ऐकले ते योग्य ठिकाणी पोहोचविले होते. तरीही ते खचले. प्रेषितांच्या सहाबींना ज्याने अंथरूण धरावयास लावले, ते दुःख आजच्या एखाद्या कारकुनाला झाले तर त्यात ईमानाची उणीव शोधण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट चौकशीची. एकाच माणसाचे सांगणे आणि समोर शपथपूर्वक नकार, अशा स्थितीत प्रेषितांनी न्यायाची रीत सोडली नाही. म्हणून आपल्या तक्रारीवर पुरावा मागितला गेला, तर तो अपमान समजू नये. हे सांगणे सोपे आहे, सोसणे अवघड, हे मान्यच.

पुढे सूरह अल-मुनाफिकून अवतरली आणि जैद (रजि.) सच्चे ठरले. तिर्मिजीतील कथनानुसार, ते खाली मान घालून प्रवास करीत असता प्रेषित (स.) जवळ आले, त्यांचा कान चोळला आणि त्यांच्याकडे पाहून हसले. त्या हास्याच्या मोबदल्यात जगातील चिरंतन आयुष्यही आपण घेतले नसते, असे ते म्हणत.

तिर्मिजीमध्येच दुसऱ्या एका चुलत्यांची हकीकत आहे. हजरत रिफाआ (रजि.) यांच्या कोठारातून पीठ व शस्त्रे चोरीस गेली. संशय बनू उबैरिक या घराण्यावर होता. पुतणे हजरत कतादा बिन नुअमान (रजि.) यांनी तक्रार केली, पण त्या घराण्याच्या बाजूने लोक जमले आणि पुराव्याविना सज्जनांवर आळ घेतल्याचा ठपका कतादा (रजि.) यांच्यावरच आला. माझी थोडी संपत्ती गेली असती तरी चालले असते, पण हा विषय काढायला नको होता, असे त्यांना वाटू लागले. ते वृद्ध चुलत्यांकडे परतले. रिफाआ (रजि.) यांनी दोष दिला नाही, मदत अल्लाहकडेच मागायची, एवढेच ते म्हणाले. नंतर सूरह अन-निसाच्या 105 व्या आयतीपासूनच्या आयती अवतरल्या. शस्त्रे परत मिळाली, तेव्हा वृद्ध रिफाआंनी ती अल्लाहच्या मार्गात देऊन टाकली.

आज वह्य येणार नाही. अनेक प्रामाणिक माणसे नोकरीच्या अखेरपर्यंत निर्दोष ठरत नाहीत. त्यांना घरात कोणते चुलते भेटतात, यावर फार काही अवलंबून असते. “तुला काय पडले होते? मुलांचा तरी विचार करायचास,” हे वाक्य काळजीपोटीच येते, पण ते ऐकणारा त्या दिवशी दुसऱ्यांदा एकटा पडतो. पगाराची चिंता खरी आहे. तिचा हिशोब आधी, तक्रार करण्यापूर्वी, पती-पत्नीने एकत्र बसून करावा.

घरच्यांची आणखी एक जबाबदारी गुप्ततेची. बोलणारा इकडेतिकडे पाहून काही सांगत असेल, तर ती गोष्ट अमानत असते, असे प्रेषितांनी शिकविले आहे. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळविताना नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते गुप्त राहिले नाही. नोव्हेंबर 2003 मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. केंद्राच्या 2004 च्या ठरावानुसार केंद्रीय कार्यालये व उपक्रमांतील भ्रष्टाचाराची माहिती नाव गुप्त ठेवून केंद्रीय दक्षता आयोगाकडे देता येते. संरक्षणाचा स्वतंत्र कायदा 2014 मध्ये संमत झाला, परंतु अंमलात आलेला नाही. म्हणून नातलगांच्या गटावर कौतुकाने टाकलेला संदेशही घातक ठरू शकतो.

लोकांच्या बोलण्याने प्रेषितांची छाती दाटून येते हे आम्ही जाणतो, असे अल्लाहने सूरह अल-हिज्रमध्ये (97) सांगितले आणि पुढच्याच आयतीत तस्बीह व सजद्याचा मार्ग दाखविला. दुःख नाकारलेले नाही. आधी ते जाणले आहे. फज्रला त्याच्या शेजारी उभे राहावे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न जात नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. उपचार करून घेण्याचा आदेश प्रेषितांचाच आहे. पहिल्या भेटीस घरातील कोणीतरी सोबत जावे.